आर्नेचं घर आणि शब्दांची शेपटं

आदरणीय अध्यक्ष प्राध्यापक हाल्मे, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती इर्याबाई सारेल्मा, त्यांच्या विभागातली सगळी मंडळी, आणि माझ्यासारखाच ठेवणीतला कोट घालून आलेल्या बंधुभगिनींनो,

मी तुर्कूत बेकरी चालवतो. बाईंच्या संशोधनाबद्दल आधीचे वक्ते अधिकाराने बोलले. आपल्या फिनिश भाषेतले लांबलचक शब्द डोक्यात अख्खे साठवलेले असतात, की मूळ शब्द एका कप्प्यात आणि प्रत्यय दुसऱ्यात, आणि ऐन वेळी आपण ते जोडतो? या प्रश्नाला बाईंनी आयुष्य दिलं. मला त्यातलं कितीसं कळणार? पण त्या प्रश्नापायी माझा थोरला भाऊ घरी परतला, तेवढं सांगायची परवानगी असावी.

आर्ने बेटांमधून मोठी जहाजं वाट दाखवत बंदरात आणायचा. मेंदूचा झटका आला आणि त्याचं बोलणं तुटलं. पुढे शब्द परतले, पण कसे? इस्पितळात बाई त्याला पडद्यावर एकेक शब्द दाखवत. 'जहाज' तो पटकन वाचायचा. 'जहाजावरून' आलं की अडखळायचा, आणि वाचायचा 'जहाजावर'. आम्हाला वाटायचं, लक्ष नाही त्याचं.

मग त्याला कुठे ठेवायचं हे ठरवायला बैठक बसली. डॉक्टरांनी विचारलं, "आर्ने, तुम्हाला काय हवंय?" तो स्पष्ट म्हणाला, "घरातून."

पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.

माझी वहिनी सिल्वी फार मानी बाई. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आयुष्यभर समुद्रावरच राहिला. आता तरी घर नकोच असेल त्याला. शुश्रूषागृहाचे कागद द्या, मी सही करते." आर्ने जोरजोरात मान हलवत होता, पण ती त्याच्याकडे बघेचना. नवराबायकोच्या मध्ये कोण पडणार?

इर्याबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "सिल्वी, जरा थांबा. यांचा मूळ शब्द कधीच चुकत नाही, चुकतं ते शेपूट. 'घरात' म्हणायला जातात आणि शेजारचं शेपूट हाताला लागतं. यांनी 'घर' म्हटलंय, तेवढंच धरा."

"हे तुम्ही म्हणता," वहिनी म्हणाली. "तो कुठे म्हणतोय?"

बाईंनी वाद घातला नाही. कॉफीबरोबर आलेल्या कागदी रुमालावर त्यांनी एक घर काढलं, साखरेचा एक खडा आर्नेपुढे ठेवला आणि म्हणाल्या, "हे तुम्ही. आता कुठे?"

आर्नेचा उजवा हात चालत नव्हता. त्याने डाव्या हाताने खडा सरकवत घराच्या आत नेला. मग वाटीतून दुसरा खडा उचलला, वहिनीकडे बघितलं, आणि तो पहिल्याच्या अगदी शेजारी ठेवला.

वहिनी म्हणाली, "साखर बंद आहे त्याची." आणि डोळे पुसायला तिने तोच रुमाल उचलला. शुश्रूषागृहाचे कागद सही न होताच परत गेले.

मंडळी, आर्नेची शेपटं आजही सरळ झालेली नाहीत. तो 'बाजारात' म्हणाला की वहिनी विचारते, "जायचंय की आलास?" आणि तो हाताने दाखवतो. भांडणंही होतात, जशी तुमच्या घरी होतात. तो बघा, दुसऱ्या रांगेत बसलाय. बाईंसाठी त्याने स्वतः धुरावर शेकलेला मासा आणलाय, त्याचा वास सभागृहभर पसरलाय, त्याबद्दल क्षमस्व.

मी बाईंना एकदा विचारलं होतं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का? त्या हसून म्हणाल्या, "काही शब्द अख्खे, काही तुकड्यांनी. आमचे वाद चालूच आहेत. पण समोरचा चुकला की तो कुठे चुकला नाही ते मी आधी बघते. ते मला आर्नेने शिकवलं."

बाई, आमच्या घराच्या वतीने तुमचे मनापासून आभार. अध्यक्षांनी नेमून दिलेला वेळ मी केव्हाच ओलांडलाय, बोलताना काही कमीजास्त झालं असेल, तर सर्वांनी उदार मनाने पदरात घ्यावं. नमस्कार.