उद्घाटनाचा केक अगोदरच कापला गेल्याबाबत

मी खाली सही करणारी, उद्यानात सगळे मला 'ताई' म्हणतात, वय ४७, धंदा स्वयंपाक (सध्या अस्वल), राहणार मनोरंजन उद्यानाच्या मागील कामगार वसाहत. पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून हजर राहून विचारल्याप्रमाणे सांगते की,

मी वरील ठिकाणी नवरा व धाकटी नणंद यांच्यासह राहते. नवरा उद्यानातील झुकझुक गाडी चालवतो. नणंद मुख्य फाटकावर पिशव्या तपासते. मी उद्यानाच्या खानावळीत भात, सूप, अंडी असे साधे जेवण करत होते.

नव्या मालकांनी उद्यान घेतल्यावर खानपानात सुधारणा सुरू झाली. सुधारणेत प्रथम खानावळ बंद झाली. नंतर आइस्क्रीमची गाडी, सरबताचे दुकान व बेकरीचा गाळा बंद झाला. सगळीकडे पत्रे ठोकून त्यावर जेवणाची मोठमोठी चित्रे लावली व खाली 'लवकरच' असे लिहिले. लहान मुले ती चित्रे चाटत. ती पुसण्याचे काम माझ्याकडे होते. पुढे मला अस्वलाचा पोशाख देण्यात आला. अस्वलाने बोलायचे नाही, असा नियम आहे. खायला कुठे मिळेल असे कोणी विचारल्यास पोटावरून हात फिरवून नाचायचे.

बाहेरचे खाणे आत आणण्यासही मनाई झाली. त्याने आतील खाद्यपर्यायांचे नुकसान होते, असे सांगण्यात आले. नणंद डबे काढून घेऊन फाटकाजवळच्या खोलीत कुलपात ठेवत असे. यावरून आम्हा दोघींचे घरी बोलणे बंद होते. तो घरगुती विषय आहे.

घटनेच्या दिवशी नव्या उपाहारगृहाचे उद्घाटन होते. पाच मजली केक आला. आत नेताना मी हात लावला, तेव्हा बेकरीवाला म्हणाला, "ताई, जपून. चेरी आहे तेवढाच तुकडा खरा. बाकी थर्माकोल. कापणार तेवढंच लागतं, असं साहेब म्हणाले." साहेब म्हणजे उद्यानाचे व्यवस्थापक.

दुपारी मी कारंज्यापाशी नाचत होते. बाकावर एक आजोबा बसले होते. त्यांना दरदरून घाम सुटला होता व हात थरथरत होते. त्यांची सून माझ्याकडे धावत आली. म्हणाली, "अहो, इथं खायला काय मिळेल? बाबांची साखर उतरलीय. त्यांचा डबा फाटकावर काढून घेतला."

मी सवयीने पोटावरून हात फिरवला.

सून रडू लागली. तेव्हा मी अस्वलाचे डोके काढले.

मी नव्या उपाहारगृहात गेले. साहेब भाषण पाठ करत होते. मी म्हटले, "साहेब, बाहेर एक म्हातारा माणूस कोसळतोय. केकचा तुकडा द्या."

"पाहुणे आल्याशिवाय हात लावायचा नाही. त्यांना सांगा, थोड्या वेळात खुलं होतंय."

"खुलं झाल्यावर काय मिळेल?"

"आज फक्त उद्घाटन आहे," साहेब म्हणाले व पुढचे वाक्य पाठ करू लागले.

मी चेरीसकट तुकडा काढला. सुरी नव्हती. पंजा वापरला. बाकापाशी जाऊन आजोबांच्या ओठांना आधी क्रीम लावले. ते त्यांनी चाटले. मग थोडा थोडा केक भरवला. सून पाठीवरून हात फिरवत "बाबा, डोळे मिटू नका" म्हणत होती. बऱ्याच वेळाने आजोबांनी माझ्याकडे पाहिले व विचारले, "वाढदिवस कुणाचा?"

मी म्हटले, "तुमचाच समजा."

तेवढ्यात नणंद फाटकाकडून हातगाडी ढकलत आली. तीत कुलपातले सगळे डबे होते. ती म्हणाली, "वहिनी, डोकं घाला, नोकरी जाईल." मी विचारले, "तू किल्ली कुणाला विचारून काढलीस?" ती डबे उतरवू लागली. लोक हिरवळीवर बसून जेवले. कोणाचा डबा कोणाकडे गेला, हे मला सांगता येणार नाही. लोक एकमेकांना वाढत होते.

त्याच सुमारास उपाहारगृहात पाहुण्यांनी केक कापला. कर्र असा आवाज झाल्याचे नवरा सांगतो; त्याला टाळ्यांसाठी आत बसवले होते. टाळ्या ठरलेल्या होत्या, त्या झाल्या. साहेबांनी पाहुण्यांना तुकडा भरवला. पाहुण्यांनी तो बराच वेळ चावला व चव वेगळी आहे असे सांगितले. फोटोच्या वेळी ठसका लागून पांढरे दाणे बाहेर आले. त्यानंतर साहेबांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली. अस्वल मुलांसमोर बोलले, असेही त्यात आहे. ते खरे आहे.

साहेबांनी निरोप पाठवला आहे की, माफी मागितल्यास मला पुन्हा अस्वल करण्यात येईल. मी कळवले की, स्वयंपाकघरात घेत असाल तर येते. त्यावर नव्या उपाहारगृहाच्या आराखड्यात स्वयंपाकघर धरलेले नाही, असे उत्तर आले.

नणंदेने केले ते तिच्या मनाने केले. मी शिकवलेले नाही. शिकवले असते तर तिने केले नसते. ती आत्ता बाहेरच्या बाकावर बसली आहे. आम्ही एकत्र घरी जाणार आहोत.

हवालदारांनी हा जबाब मोठ्याने वाचला, मी ऐकला. 'केक चोरून नेला' असे लिहिले होते, तिथे 'भरवला' असे करायला मी सांगितले. हवालदारांनी ते खोडून दुरुस्त केले आहे. दुरुस्तीपाशी आम्हा दोघांच्या सह्या आहेत. बाकी सगळे मी सांगितले तसेच आहे.