गोल टेबल, तिघांसाठी

—नाही, चौकोनी नकोच. चौकोनी टेबल मला दाखवूसुद्धा नकोस, अर्नेल. चौकोनी टेबलाला काय होतं, ती दोघं एका बाजूला बसतात आणि मी एकटी समोर – नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखी! गोल हवं. ते, खिडकीपाशी, धक्क्याच्या बाजूला आहे ना, ते. राखून ठेवलंय? कुणासाठी? – त्यांच्यासाठी? अरे, त्या बाप्यानं काल हाफपँट घालून इथं लॉबस्टर खाल्ला, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, बोटं चाटत होता. त्याला वर बुफेला पाठव. ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं, एकाच ताटात पास्ता, कलिंगड आणि तळलेली कोंबडी रचायची – तिथं सुखी होईल तो. पहिल्यांदाच आलेत ना बोटीवर? असणारच. कपाळावर लिहिलेलं असतं. आणि मी कोण? हे सोनेरी कार्ड बघ. बघ की, चावत नाही. ही एकतिसावी क्रूझ माझी. तू फिलिपिन्समध्ये शाळेत जात असशील तेव्हापासून मी आणि वेंडेल फ्लोरिडाच्या धक्क्यावरून बोटीत चढतोय. वेंडेल माझा नवरा – वारला तो, दोन वर्षं झाली. तुला काय माहीत, तू तेव्हा दुसऱ्या बोटीवर होतास. असो. तर व्हर्लीन हॉच्किस, तीन माणसं, आज संध्याकाळी सात, गोल टेबल. लिहिलंस? हां. किती सोपं होतं बघ, उगाच घोळ घालत होतास.

आता जेवणाचं. मला स्टेक, तुला ठाऊकच आहे कसा. माझ्या मुलाला, कर्टिसला, जाडातला जाड जो असेल तो – लहानपणी ताट पुसून खायचा, आता बायको घरी काय देते देव जाणे, गळ्यापाशी नुसती हाडं दिसतात. आणि ती. मारिसा, माझी सून. ती मांस खात नाही. मासे खात नाही. अंडं नाही, लोणी नाही, मध नाही – मध! मधमाशीला वाईट वाटतं म्हणे. माणूस सात दिवस बोटीवर येतो, चोवीस तास कुणी ना कुणी पुढ्यात काहीतरी आणून ठेवतंय, आणि ही बाई सकाळी पालापाचोळा, दुपारी पालापाचोळा आणि रात्री त्याच पालापाचोळ्यावर लिंबू. काल मुख्य डायनिंग हॉलमध्ये वेटरला वीस मिनिटं उभं करून विचारत होती, सूपमध्ये काय आहे, रश्श्यात काय आहे. मला तर तोंड लपवावंसं वाटलं. तर ऐक – शेफला सांग, ते मोठे मशरूम असतात ना, जाड, ते लोण्यात नाही, तेलात परतायचे. वेगळ्या तव्यावर. वेगळ्या! मांसाच्या तव्याला लागायला नको. लसूण भरपूर, तिला लसूण आवडतो. आणि शेवटी लिंबाचा तो गार गोड पदार्थ, तोही दुधाशिवाय होतो का विचार. होतो ना? मी चौकशी केलीये, होतो. – हसतोस काय? मी काही तिचे लाड करत नाहीये. मला फक्त टेबलावर रडारड नकोय.

आणि रुमाल फिरवत गाणं म्हणायचं नाही! ते सगळे वेटर गोल उभे राहून टाळ्या पिटतात, केकवर मेणबत्ती लावतात – आमच्याकडे त्यातलं काही नको. कसला वाढदिवस नाही, लग्नाचा वाढदिवस नाही. तसल्या गोष्टींत माझं तोंड एकदा पोळलंय. अरे, कर्टिस-मारिसाच्या लग्नात मी एवढंच म्हटलं – केक कोरडा आहे. आता असतो एखादा केक कोरडा! पण माइक चालू होता, मला काय ठाऊक. दोनशे माणसं. केक तिच्या आजीनं केलेला. तिथून पुढं सहा वर्षं – सहा वर्षं, अर्नेल – सणाला फोन, वाढदिवसाला कार्ड, बस. वेंडेलच्या अंत्यविधीला आली दोघं, रात्री हॉटेलात उतरली. माझ्या घरात पाच खोल्या मोकळ्या, आणि हॉटेलात! मी काही बोलले नाही. म्हणजे, बोलले, पण हळू बोलले.

मग हे जेवण कशासाठी? तुला कशाला हव्यात चौकशा? – बरं, तुला सांगायलाच हवं, नाहीतर तू मधेच पाण्याचा जग घेऊन कडमडशील. गोड पदार्थ टेबलावर आला की तू निघून जायचं. पंधरा मिनिटं कुणी फिरकायचं नाही. कॉफी विचारायची नाही, 'सगळं ठीक आहे ना मॅडम' करायचं नाही. मला त्या दोघांना एक गोष्ट विचारायचीये. ओहायोतलं घर मी विकलं, चार महिने झाले. पाच खोल्यांत एकटं माणूस कशाला? तेव्हापासून बोटीवरच आहे मी, एक क्रूझ संपली की त्याच धक्क्यावरून दुसरी. लोक विचारतात, कंटाळा येत नाही? मी म्हणते, वृद्धाश्रमापेक्षा जेवण बरं आहे, पलंगावरची चादर रोज बदलतात, डॉक्टर खालच्या मजल्यावर. सगळे हसतात. मीच हसवते त्यांना. पण दर शनिवारी अख्खी बोट रिकामी होते रे. ज्यांच्याबरोबर आठवडाभर पत्ते खेळले ते बॅगा ओढत निघून जातात आणि दुपारी नवे येतात, त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगायचं मी कोण ते. कर्टिसच्या गॅरेजवर एक खोली आहे. भाडेकरू होता, गेला तो. कर्टिसच म्हणाला फोनवर, सहज. म्हटलं, समोर बसवून विचारीन, नीट, गोल टेबलावर. त्याचं मला ठाऊक आहे, तो बायकोकडे बघेल. म्हणून ते मशरूम. आता कळलं?

घड्याळाकडे काय बघतोस सारखं? कंटाळलास? एवढी सोनेरी कार्डवाली माणसं येतच असतील तुझ्याकडे रोज! – कुठं आहेत म्हणजे? खाली गेलीत, बेटावर. समुद्रकिनारा, होड्या, त्या दगडी पायऱ्या चढायच्या, असलं काहीतरी. साडेचारला बोटीवर परत यायचं, पाचला बोट सुटते, मी इथं बसूनच आहे. आता कुठं पावणेचार झालेत. – हात खाली कर, मला बोलू दे. तुम्हा लोकांना ही फार वाईट सवय लागलीये, मधे बोलायची. सगळ्या बोटीचीच शिस्त गेलीये. आज सकाळी नाश्त्याला गेले तर दार लावत होते. पावणेनऊला! साडेनऊपर्यंत नाश्ता असतो हे मी त्यांना सांगायचं? असं झापलं त्या पोरीला की बिचारीनं माझ्यासाठी आतून उकडलेलं अंडं आणून दिलं.

तेच सांगतेय ना मी, वेळेचं मला शिकवू नकोस. रात्री उशीवर चिठ्ठ्या ठेवता तुम्ही – उद्या हे घाला, उद्या ते करा, दागिन्यांचा सेल – मी न वाचता टोपलीत टाकते. चिठ्ठ्या नवख्यांसाठी असतात. आज सकाळी बाईसाहेब तीच चिठ्ठी हातात घेऊन खाली, धक्क्यावर उतरायच्या शिडीपाशी उभ्या. म्हणे, आई, यात लिहिलंय की रात्री घड्याळ एक तास पुढं करायचं. फोनवरही तेच दिसतंय. मी म्हटलं, बाळ, ते बेटाचं घड्याळ. फोनला काडीची अक्कल नसते, बेटाचा वारा लागला की तो बेटाची वेळ दाखवतो. बोट फ्लोरिडाच्या वेळेवर चालते, चालत आलीये, मी आणि वेंडेल सहा वेळा आलोय या बेटावर, एकदाही घड्याळाला हात लावलेला नाही. फोनमध्ये साडेपाच वाजले की बोटीचे साडेचार. तुमच्याकडे एक तास जास्तीचा आहे, सावकाश या, कसली घाई करता! नवशिके लोक धावत पळत येतात, घामाघूम, आणि मग तासभर डेकवर ताटकळतात.

बघ, नाव काढलं नि आले. ते बघ खाली, धक्क्यावर. चप्पल हातात, टोपी उडाली – पळतायत! आणि वरच्या डेकवरून लोक टाळ्या वाजवतायत, ऐकू येतंय ना? अरे बापरे, ही आणखी दोघं. वेंडेल तर हातात ग्लास घेऊनच उभा राहायचा हे बघायला. 'व्हर्लीन, आज किती?' विचारायचा. मूर्ख असतातच रे जगात. – पण एवढे? इतक्या लवकर? अजून पाऊण तास आहे. आणि हे ग्लास का किणकिणतायत? इंजिन तापवत असतील. तापवतात ना आधीपासून? अर्नेल, तू काहीतरी बोल ना. मघाशी बोलायचं होतं तेव्हा थांबत नव्हतास.

– दाखव. भिंतीवरचं नाही, तुझं दाखव. तुझंही तेच? पाचला दहा कमी? तुमची सगळ्यांचीच घड्याळं – थांब. सगळ्यांची कशी चुकतील. कॅप्टननं सांगितलं होतं? कधी? काल रात्री? मी यंत्र काढून झोपते, कानातलं. मला काय ऐकू येणार. पण हे कधीच करत नव्हते! या मार्गावर कधीच नाही! कुणी ठरवलं हे? मला विचारलं कुणी?

आत्ता स्पीकरवर काय म्हणाले? पुन्हा म्हणतील, थांब. ... हॉच्किस म्हणाले. हॉच्किस, कर्टिस. हॉच्किस, मारिसा. ताबडतोब संपर्क साधा. कसे साधतील, बोटीवर असतील तर साधतील ना! फोन लाव. मी खाली फोन केला तर – नाही, मला ठाऊक आहे सगळं. एकतीस वेळा पाहिलंय. कुणी आलं नाही की खोलीतली तिजोरी उघडतात, पासपोर्ट काढतात, पाकिटात घालतात आणि धक्क्यावरच्या माणसाच्या हाती देतात. म्हणजे मग बोट जायला मोकळी. तो बघ. तो पांढऱ्या गणवेशातला. पाकीटच आहे ते. कॅप्टनला सांग, व्हर्लीन हॉच्किस म्हणतेय, सोनेरी कार्ड – नको, जाऊ दे, मला माहीत आहे काय उत्तर येतं ते. राणी असली तरी थांबत नाहीत.

शिडी काढली. अर्नेल, शिडी काढली त्यांनी.

ते आले. ते आले बघ, त्या टॅक्सीतून उतरले ना, तेच! तोच कर्टिस. आता पळतील, पोचतील, दोर अजून – अरे, पळत का नाहीयेत? सावकाश चाललेत. हातात हात घालून. ती थांबली, त्याच्या पाठीची वाळू झटकतेय. पळ ना गं! वर लोक टाळ्या वाजवतायत, त्याला वाटतंय कुणीतरी नाचतंय. हात करतोय तो. खिडक्यांकडे बघत हात हलवतोय, मला शोधतोय. त्याच्या हिशेबी अर्धा तास उरलाय अजून. पळ! पळ रे! – काच जाड आहे, नाही का.

सकाळी ती म्हणाली होती, आपण चिठ्ठीप्रमाणेच येऊ, कर्टिस, उगाच धोका कशाला. मी उभीच होते तिथं. आणि तो म्हणाला, आईला यातलं जास्त कळतं, आपण तिचं ऐकू या. असं म्हणाला. तिच्यासमोर. सहा वर्षांत पहिल्यांदा माझी बाजू घेतली त्यानं, अर्नेल. दिवसभर मी त्याच खुशीत होते.

कळलं त्याला. थांबला. बघ, हात खाली घेतला.

टेबल? कसलं टेबल? दे त्या हाफपँटवाल्याला. जा तू. जा म्हणते ना – आणि माझ्याकडे असं बघू नकोस.