सायोच्या झाडावरची हिरवी पानं

— नाही हो, पत्ता नाही चुकला तुमचा. फोटोतलं झाड हेच. साल बघा ना, हिरव्यावर पांढरे पट्टे, अगदी खरबुजासारखे — जुळतंय की नाही? असा पट्ट्यांचा मेपल आमच्या आंग्योत दर दुसऱ्या रोपवाटिकेत मिळेल. पण पानं... हां, पानं. फोटोत पांढरे शिंतोडे आहेत आणि इथं नुसती हिरवी म्हणता? असणारच. बसा. चहा घ्या. तांदळाचे सेन्बेई जरा मऊ पडलेत, चालवून घ्या. नीगाताहून आलात? एवढ्या लांबून? फोन तरी करायचा — केला होता? मी उचलत नाही. लांबचे रोपवाले अजून एकच मागतात, ‘वहिनी, सायोचं एक कलम द्या.’

सायो आमची मुलगी. सहा वर्षांची होती, तीन दिवसांच्या तापात गेली. पुढच्या वसंतात ह्याच जातीच्या एका साध्या झाडावर एका डहाळीला अशी पानं आली — कुणी तांदळाची पिठी शिंपडावी तशी. आमचे हे, तोकुजी, धावत स्वयंपाकघरात आले, चिखलाच्या पायांनी. वर्षभरात पहिल्यांदा धड बोलले माझ्याशी. म्हणाले, नाव सायोच ठेवायचं. बारा कलमं बांधली मी — हो, मीच, इथं बांधायचं काम बायकांचं — आणि जगलं हे एकटं. मूळ झाड पुढच्या वादळात पडलं. मोठमोठे लोक आले मागायला. हे एकच बोलायचे, ‘मुलगी विकायला काढू का?’

आता ह्या झाडाची खोड अशी, की मधूनच हिरवा फुटवा निघतो. आणि हिरवा भारी खादाड. दिसला की छाटायचा, नाहीतर दोन-तीन वर्षांत पांढऱ्याला गिळून टाकतो. एकतीस वर्षं ह्यांनी रोज सकाळी कात्री घेऊन ते केलं. ताप असला तरी.

मग ह्यांचं डोकं गेलं — म्हणजे वेड नव्हे हो, विसरायला लागले. आधी शेजारी, मग रस्ता, मग मी. मलाच विचारायचे, ‘बाई, तुम्ही कुठल्या?’ कात्री लपवून ठेवली होती मी. पण गेल्याच्या गेल्या वर्षी, मे महिन्यात, सकाळी उठले आणि म्हणाले, ‘कात्री कुठं ठेवलीस गं?’ ठेवलीस गं! किती महिन्यांनी! तुम्ही नसती दिली? मी दिली. आणि तांदूळ धुवायला गेले.

परत येऊन बघते तर पांढरी डहाळी एक शिल्लक नाही. सगळी खाली. हिरव्या तेवढ्या नीट राखलेल्या. घाम पुसत म्हणतात, ‘रोग पडला होता. वेळेवर बघितलं म्हणून. जाळून टाक.’ आमच्यात रोगट छाटणी जाळतातच, त्याच दिवशी, दुसऱ्या झाडाला लागू नये म्हणून. दिराला मी सांगितलं, सगळ्यांना सांगितलं — हे समोर उभे होते, माझा नाइलाज झाला.

समोर होते, हो. पण किती वेळ? भूक लागली, आत गेले. मी एकटी होते त्या ढिगापाशी. ताज्या डहाळ्या, मागे कुंड्यांत साधी रोपं तयार. डहाळीवरचा डोळा काढून रोपाच्या सालीत भरायला कितीसा वेळ लागतो? एक डोळा पुरला असता, एक! एक डहाळी ओल्या फडक्यात गुंडाळून एप्रनच्या खिशात घातली असती तरी... पण त्याआधी मी विचारलं होतं ह्यांना, ‘अहो, हे सायोचं ना?’ तर विचार करून म्हणाले, ‘कोण सायो? शेजाऱ्यांची का?’

राग आला मला. आजारी माणसाचा राग. विसरलात ना, मग जाऊ दे सगळंच — असं म्हणून मी काडी ओढली. आणि सगळ्या जळेपर्यंत तिथून हलले नाही. आत येऊन वाढलं, तर हे तीन वाट्या भात जेवले आणि म्हणाले, ‘आज छान काम झालं.’ त्याच शरदात गेले. लोक म्हणतात, आजारानं झाड घालवलं. मी मान डोलावते. छाटलं आजारानं. जाळलं मी.

हे कशाला सांगितलं तुम्हाला? चहा संपवा. ... काय? हिरव्या फांदीवर कधीतरी पुन्हा पांढरं येतं? येतं, मला शिकवू नका. म्हणून तर दोन वसंत मी त्या झाडाकडे मान वर करून बघितलेलं नाही. आलंच तर कुठल्या तोंडानं बघू?

— का उठलात? वर काय बघताय? शेंड्याला? ... नको. बोलू नका. जे दिसलं ते तुमच्यापाशी ठेवा आणि जा तुम्ही. जा म्हणते ना.