सईच्या लग्नाच्या दिवशी

मला नका विचारू ही खोली कोणाची होती ते, मीसुद्धा आज पहिल्यांदाच बघतेय — हो हो, इथलीच, भोपाळचीच, सोनागिरीला राहतो आम्ही. आमचे हे तिथल्या कारखान्यात होते, मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिथेच. पाहुणे आले की यांनी त्यांना हा महाल दाखवायला आणायचं, मी घरी स्वयंपाक करायचा — मग बघणार कधी? तुमचं मराठी कानावर पडलं म्हणून वळून बघितलं. पुण्याच्या ना? वाटलंच. बसा, हा ओटा गार आहे, खाली तळंही दिसतं. आत तो दोरी लावलेला पलंग बघितलात? बेगमसाहेब झोपायच्या म्हणे त्यावर. मी बराच वेळ तिथे उभी होते — काय बघत होते कोण जाणे. शेवटी चौकीदार म्हणाला, माताजी, आगे चलिए. मग आगे आले.

आजच कशी आले? अशीच. घरी कोणी नव्हतं, सगळे लग्नाला गेलेत, एम. पी. नगरला हॉल घेतलाय — कोणाचं म्हणजे? आमच्या सईचं. नाही, मुलगी नाही. सून. — हो, सूनच, बरोबर ऐकलंत. प्रसाद, माझा मुलगा, तो गेला. दोन दिवाळ्या झाल्या. ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत संपलं सगळं. सईला आई-वडील नाहीत, उज्जैनला काकांनी वाढवलेली पोर. मला म्हणाली, आई, मी आता कुठे जाऊ? मी म्हटलं, कुठे जायचंय, हे घर आहे ना. राहिली. ती कोचिंगमध्ये शिकवायची, संध्याकाळी आली की आम्ही दोघी टीव्ही लावून भाजी निवडायचो. बोलायचो काय? काही नाही. टीव्ही बोलायचा.

एक दिवस ती गॅलरीत फोनवर हसली. मोठ्यानं, अगदी पहिल्यासारखी. आणि मी दारात दिसले तर तिनं ते हसू गिळलं — माझ्यासमोर, हो, घास गिळावा तसं. त्या दिवशी माझं ठरलं. तिच्याबरोबर शिकवणारा मुलगा, गौरांग, त्याला मीच घरी बोलावलं, मीच विचारलं. आमचे हे कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलत नव्हते. पण आज तेच गेलेत, फेटा बांधून. सगळं मीच केलं हो — साड्या, आहेर, आचारी.

मग मी इथे का? तब्येत — नाही, तब्येतीला काय झालंय. गौरांगची आई आली होती, ग्वाल्हेरच्या आहेत, फार गोड बाई. माझा हात धरून म्हणाल्या, भाभी, तुम्ही केलंत ते कोणी करत नाही, पण एक सांगू का, मंडपात तुम्ही समोर दिसलात तर पोरीचं मन मागे ओढलं जाईल. आणि आमच्याकडच्या बायका — तुम्हाला माहीतच आहे. मी म्हटलं, बरोबर आहे. परत चहा टाकला त्यांच्यासाठी. सईला आज सकाळी म्हटलं, मला ताप आहे. तिनं शालू नेसलेली असताना माझ्या कपाळाला हात लावला. म्हणाली, ताप नाहीये, आई. मी म्हटलं, अंगात आहे, वर दिसत नाही. तिची नथ नीट केली, गाडीत बसवलं. मग दाराला कुलूप लावलं आणि जी बस आली तीत चढले. वाईट? नाही, वाईट काही वाटलं नाही. खरंच. काहीच वाटत नाहीये — तेच तर —

थांबा हं, फोन. हां, बोल गं. — झालं? बरं. — छान. — नाही, पडलेय जरा. लोकांचा आवाज? टीव्ही चालू आहे. तू जेवलीस? मग जेव आधी. — काय? — अगं असं काय विचारतेस, काकांकडे. उज्जैनला. — हो, रीत तीच आहे. — रडू नको, काजळ पसरेल. ठेव आता, लोक थांबले असतील.

सईच होती. लागलं लग्न. विचारत होती, मांडवपरतणीला कुठे येऊ, आई, माझं माहेर कुठलं? आणि मी म्हटलं, काकांकडे.

असं का म्हटलं मी? — घरात तिची खोली झाडून ठेवलीय, नवी चादर घातलीय, सकाळीच, तिची गाडी वळल्या वळल्या. आणि तोंडातून आलं, काकांकडे.

नाही, पाणी नको. रडत कुठेय? बघा ना, डोळे कोरडे आहेत. करू का फोन परत? — नको, जेवत असेल आता. — तुमचे मिस्टर हाका मारताहेत तिकडून. जा तुम्ही. जा, म्हटलं ना.