पंधरा वर्षं थांबा

हयातीच्या दाखल्यासाठी डहाणू रोडच्या बँकेत पेन्शनरांची रांग लागली होती. सुनंदाबाईंच्या पुढे दोन निवृत्त शिक्षक बोलत होते. सुनंदाबाईंचेही पैसे म्युच्युअल फंडात होते, म्हणून त्यांनी कान टवकारले.

"गोपीनाथ गुरुजी, बाजार पार कोसळलाय. माझे चार लाख गेले. उरलेले काढून घेऊ?"

"मुळीच नाही! नरपडच्या वाडीत चिकू लावलात, तेव्हा दुसऱ्या दिवशी फळं मागितलीत का?"

"मग थांबू तरी किती?"

"पंधरा वर्षं. मीपण थांबलोय."

"तुमचं वय काय आता?"

"एक्क्याऐंशी. त्याचा इथे काय संबंध?"

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "आजोबा, सर्व्हर बंद पडलाय. उद्या या."

"उद्या?" गुरुजी कडाडले. "अहो, या वयात उद्याचा काय भरवसा?"