रक्ताची पिशवी लावण्याआधी विचारलेले नाव

जबाब

नाव : गायत्री गुंडप्पा बिराजदार. वय : २६ वर्षे. शिक्षण : बी.एस्सी. नर्सिंग. धंदा : नोकरी, नर्सिंग महाविद्यालयात शिक्षिका. राहणार : अणदूर, ता. तुळजापूर, जि. धाराशिव.

मी स्वतः ठाण्यात येऊन, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, जे पाहिले ते सांगते की,

मी वरील पत्त्यावर आई, वडील व लहान भावासह राहते. आमच्या महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात मी तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींना वॉर्डात शिकवते. आपल्या हातून रुग्णाला इजा होऊ नये, हा माझा विषय आहे. रक्त लावण्याआधी शुद्धीवर असलेल्या रुग्णाने स्वतःच्या तोंडाने पूर्ण नाव सांगितले पाहिजे व ते पिशवीवरच्या नावाशी जुळले पाहिजे. "तुम्ही तुळजाबाई का?" असे विचारायचे नाही, कारण आजारी माणूस कशालाही हो म्हणतो. आपल्याकडे देवीच्या नावाची बाई प्रत्येक वॉर्डात असते, म्हणून मी हे मुलींकडून फार घोटून घेते. नाव जुळल्याशिवाय कोणी कितीही ओरडले तरी पिशवी लावायची नाही, हे वाक्य माझे आहे. माझी विद्यार्थिनी हर्षाली हिचे नाही.

काल स्त्री वॉर्डात तुळजाबाई नावाच्या दोन रुग्ण होत्या. दोघी येडशीच्या, दोघींचे आडनाव गरड, दोघी साठीच्या पुढच्या. दोघींना रक्त चढवायचे होते. फरक फक्त नवऱ्याच्या नावात होता. एक तुळजाबाई ज्ञानोबा, दुसऱ्या तुळजाबाई मारुती. मनगटावर बांधायच्या ओळखपट्ट्या रुग्णालयात बऱ्याच दिवसांपासून संपलेल्या आहेत. त्या मागवाव्यात असे मी प्रशासकीय अधिकाऱ्यांना सांगितले होते.

दुपारी तुळजाबाई मारुती यांना सोनोग्राफीला नेले. त्यांची खाट पंख्याखाली होती. ती रिकामी दिसल्यावर दुसऱ्या तुळजाबाईंचा मुलगा रणधीर ज्ञानोबा गरड याने आईला उकडते म्हणून उचलून त्या खाटेवर निजवले व स्वतः चहाला गेला. त्या खाटेच्या पायथ्याशी लावलेला तुळजाबाई मारुती यांचा केसपेपर होता तिथेच राहिला. हे त्या वेळी आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. त्यामुळे तुळजाबाई मारुती यांच्यासाठी आलेली पिशवी केसपेपरशी बरोबर जुळत होती. खाटेवरची बाई मात्र वेगळी होती.

पिशवी लावण्याचे काम विद्यार्थिनी हर्षाली कोरे, वय २०, हिच्याकडे होते. तिच्यासोबत परिचारिका शुभांगी होत्या. मी शेजारच्या वॉर्डात शिकवत होते. मधले दार उघडे असल्याने मला सर्व दिसत व ऐकू येत होते.

हर्षाली म्हणाली, "आज्जी, पूर्ण नाव सांगा."

"तुळजाबाई. गरड."

"आन् मधलं?"

आज्जी हसल्या. "मधलं तोंडानं न्हाय घेत, बाई. लग्नात घेतलं तेवढंच."

त्यांच्या धाकट्या जाऊ हरणाबाई उशाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काय गं पोरी, पिशवीपायी म्हातारीला उखाणा घालाय लावतीस का?"

वॉर्डातल्या बायका हसल्या. हर्षालीही हसली. "घाला की आज्जी. घातला की लगीच लावते. न्हायतर मावशी, तुम्ही सांगा."

"या बया! थोरल्या भाऊजींचं नाव म्या कसं घिऊ? थांब, रणधीर यिऊ दे, त्यो सांगंल."

हर्षालीने पिशवी ट्रेमध्ये ठेवली व थांबली. वर्गात आम्ही एकमेकींना रुग्ण करून सराव करतो. तिथे सगळ्या मुली पूर्ण नाव सांगून मोकळ्या होतात. नवऱ्याचे नाव न घेणारी बाई आमच्या सरावात कधी आली नव्हती. तरीही हर्षाली थांबली.

थोड्या वेळाने रणधीर दोन इसमांसह आत आला. त्या दोघांची नावे मला माहीत नाहीत. दाखवल्यास ओळखीन. रणधीर म्हणाला, "आजून लावली न्हाय? रगत आणाय मी उन्हातानात पळतोय, आन् हिकडं दात काढाय लागल्यात व्हय?"

हर्षाली म्हणाली, "दादा, वडिलांचं नाव सांगा, लगीच लावते."

"माझ्या मेलेल्या बापाचं नाव तुला कशाला पायजे गं?" असे म्हणून त्याने तिच्या तोंडात मारली. त्याचे वडील गेल्या वर्षी एका दवाखान्यात रक्ताची वाट बघत वारले, असे हरणाबाईंनी मला नंतर सांगितले. ते खरे असावे. म्हणून मी ते इथे लिहून घेण्यास सांगितले.

मी धावत आले तेव्हा त्या दोन इसमांनी बाहेरचे दार लावून घेतले होते. रणधीरने हर्षालीला वेणीला धरून खाटेपर्यंत ओढले. "लाव. न्हायतर तुझंच रगत काढून लावतो." तिने पिशवी पोटाशी धरली व ती खाली बसली. त्याने सलाईनचा लोखंडी स्टँड उचलून तिच्या उजव्या मनगटावर मारला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी मध्ये पडले. माझ्या पोटात लाथ बसली व मी खाटेच्या पायावर तोंडावर आपटले. माझे पुढचे दोन दात पडले.

शुभांगी रडत म्हणाल्या, "दादा, तिला सोडा, मी लावते." त्यांनी पिशवी ओढून घेतली. हर्षालीने डाव्या हाताने पिशवीची नळी धरली. ती म्हणाली, "सिस्टर, नाव जुळलं न्हाय." रणधीरने तिच्या पाठीत दुसऱ्यांदा स्टँड मारला. तिने नळी सोडली नाही. तिसऱ्यांदा मारला. तेव्हाही सोडली नाही.

तेव्हा तुळजाबाई खाटेवर उठून बसल्या व ओरडल्या, "ज्ञानोबा! माझ्या मालकाचं नाव ज्ञानोबा हाय! सोड तिला, मुडद्या!"

हरणाबाईंनी तोंडावर पदर घेतला. हर्षाली जमिनीवरूनच म्हणाली, "पिशवीवर मारुती हाय." त्यानंतर तिची शुद्ध हरपली.

रणधीरने पिशवी वाचली. केसपेपर वाचला. "खाट म्या बदलली व्हती," असे तो म्हणाला. मग त्याने तोच स्टँड खिडकीवर घातला. काच उडून शुभांगींच्या गालात घुसली. त्याने उरलेल्या खिडक्या फोडल्या. नंतर ते तिघे निघून गेले.

पिशवीतील रक्त बी गटाचे होते. तुळजाबाई ज्ञानोबा यांचा गट ओ आहे. ते रक्त अंगात गेले असते तर त्यांच्या जिवावर बेतले असते. त्यांना सायंकाळी त्यांच्या गटाचे रक्त चढवले असून प्रकृती ठीक आहे.

आज सकाळी रणधीरच्या वतीने रुग्णालयात अर्ज आला आहे. विद्यार्थिनीने उपचार नाकारले व मृत वडिलांवरून अपशब्द काढले, असे त्यात लिहिले आहे. प्रशासकीय अधिकाऱ्यांनी मला बोलावले. मुलगी उद्धट बोलली एवढे मी मान्य करावे व ओळखपट्ट्यांचा विषय काढू नये, मग समोरचे मिटवून घेतील, असे ते म्हणाले. "बिराजदार मॅडम, घरात तुम्हीच पहिल्या पदवीवाल्या. घरचं बघा," असेही म्हणाले. मी घरी फोन केला. माझे वडील आप्पा म्हणाले, "खरं सांगून ये. मग भाकरी खा."

हर्षाली उद्धट बोलली नाही. तिने विचारले ते मी शिकवले म्हणून विचारले. कोणाला जबाबदार धरायचे असेल तर मला धरावे. मला तडजोड मान्य नाही.

इकडे येण्याआधी मी तिला भेटले. मनगटाचे ऑपरेशन व्हायचे आहे. तो हात पूर्वीसारखा चालेल की नाही, हे डॉक्टर सांगत नाहीत. तिने विचारले, "मॅडम, मी थांबले ते बरोबर केलं ना? का लावून टाकायला पायजे व्हती?" तोंडाला टाके असल्याने व रडू आल्याने मला तेव्हा उत्तर देता आले नाही. ते इथे देते. तिने बरोबर केले. या जबाबाची एक प्रत तिला मिळावी, अशी माझी मागणी आहे.

जबाब मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. त्यात दोन ठिकाणी "झटापट" असे लिहिले होते. तिथे माझ्या सांगण्यावरून "मारहाण" असा बदल केला. आता तो मी सांगितला तसाच व खरा आहे, म्हणून सही करते.

(सही)
गायत्री गुंडप्पा बिराजदार