एक हितचिंतक

नाही ताई, ते फुकटवालं व्हीपीएन मला दाखवूच नका. फुकट कुलूप कधी पाहिलंय तुम्ही? मी पाहिलंय — माझा धंदाच तो, कुलपं दुरुस्त करायची, किल्ल्या करून द्यायच्या, इथेच तुमच्या ह्या मोबाइलच्या दुकानामागच्या गल्लीत, चपलांच्या दुकानाला लागून, वर किल्लीचं चित्र आहे बघा — तर फुकट कुलूप म्हणजे जुन्या पेटीबरोबर आलेलं. आणि त्याची दुसरी किल्ली कोणाकडे असते? पेटी विकणाऱ्याकडे. तसंच हे. हा माणूस तिकडे यंत्रं चालवणार, वीज जाळणार, माझी इंटरनेटवरची ये-जा झाकून ठेवणार, आणि ते सगळं काय माझ्यावरच्या प्रेमापोटी? मी काय बघतो ते टिपून घेत असणार आणि बाहेर विकत असणार. मान हलवताय म्हणजे माझं बरोबर आहे. मग पहिलं तेच का काढलंत? — सगळे तेच मागतात. मागू देत. मी सगळ्यांतला नाही.

हं, हे दुसरं. काय म्हणतंय हे? ‘आम्ही तुमची कोणतीही नोंद ठेवत नाही.’ कोण म्हणतंय असं? तेच म्हणतायत ना. मीसुद्धा गिऱ्हाइकाला सांगतो की तुमच्या किल्लीचा साचा मी ठेवून घेत नाही. नाहीच घेत — पण गिऱ्हाईक विश्वास कशावर ठेवतं? माझ्या तोंडाकडे बघतं, पाटीकडे बघतं, शेजारच्या चपलावाल्याला विचारतं. आता ह्यांचा चपलावाला कुठे शोधू मी? — बाहेरच्या लोकांकडून तपासणी करून घेतात? वा. आणि त्या तपासणाऱ्यांचं बिल कोण भरतं? — हेच भरतात. झालं मग. नवरीच्या मावशीलाच विचारायचं, मुलगी स्वभावाला कशी आहे. — हो, न तपासण्यापेक्षा बरं, तेवढं मान्य. बाजूला ठेवा ते. पण पत्ता काय दिलाय ह्यांनी? बेटावरचा? ताई, बेटावर कोण जाऊन राहतं? ज्याला शेजारी नको असतात तो. — तिथला कायदा नोंदी ठेवायला सांगत नाही म्हणून? असेल. मग उद्या ह्यांनी मला टोपी घातली तर मी कोणाकडे दाद मागू, माशांकडे?

कोणापासून लपवायचंय. हा प्रश्न मात्र बरोबर विचारलात. मीही पहिल्यांदा हेच विचारतो. कुलूप पाहिजे, पण कोणापासून? चोरापासून, भाडेकरूपासून, की जावेपासून? त्यावर कुलूप ठरतं. चोराला जाड कडी लागते, जावेला नुसतं कुलूप आहे एवढं दिसलं तरी पुरतं. तर कोणापासून — आता कसं सांगू — धंद्याचं आहे. धंद्यातल्या चार गोष्टी असतात. घरातही असतं एकेक. तिथे इंटरनेट माझ्या पुतण्याने लावून घेतलंय, पासवर्ड त्याला ठाऊक, वायर ओढणाऱ्यालाही ठाऊक. माझ्या दुकानात आता तोच बसतो, पुतण्या. मुलगा सरळ आहे, पण परवा मला म्हणाला, काका, तुम्ही हल्ली व्हिडिओ फार बघता का हो? त्याला काय माहीत? — मी बघतो त्याच्याच जाहिराती घरी आल्यावर त्याच्या फोनवर येतात म्हणे. आणि आमची ही. तिचं तर विचारू नका. फोन आला की मोरीत जाते आणि नळ सोडते. का? आवाज बाहेर येऊ नये म्हणून. बादली भरून वाहते तरी नळ चालूच. मी विचारलं तर म्हणते, कपडे भिजवत होते. एवढे कपडे दोन माणसांचे? मला कळत नाही असं नाही. कोणाचा फोन असतो ते मला कळतं. मी विचारत नाही, ती सांगत नाही. बरं चाललंय.

व्हिडिओंचं विचारताय. त्यात लपवण्यासारखं काही नाही — तुम्ही भलतंसलतं मनात आणू नका, मी बाप माणूस आहे. कुलपांचे व्हिडिओ. एक मुलगी आहे, ती अडकलेली कुलपं उघडून दाखवते, साफ कशी करायची ते दाखवते. तोंड दिसत नाही तिचं, नुसते हात. टेबल, दिवा आणि हात. पुष्कळ लोक बघतात. चांगली करते — म्हणजे बरी करते, चुकतेही. एकदा काय केलंन, कुलपात तेल घातलंन. ताई, कुलपात तेल घालू नये. त्या दिवशी गुळगुळीत चालतं आणि मग धूळ धरून बसतं. शिसपेन्सिलीची पूड घालायची. आता हे तिला कोणी सांगायचं? खाली लिहिणारे सगळे वाहवा करणारे. म्हणून मी लिहिलं. नाव दिलं नाही, ‘एक हितचिंतक’ एवढंच. तिने उत्तर दिलं, धन्यवाद काका. पुढच्या वेळी पूड घातलेली दिसली. मग मी अधूनमधून लिहायला लागलो. कानस अशी आडवी धरू नये, स्प्रिंग काढताना वर रुमाल टाकावा, नाहीतर उडते आणि डोळ्यात जाते. ह्यात काय वाईट केलं? एक अक्षर वावगं नाही. आणि मग मागच्या आठवड्यात — दाखवतो थांबा, माझा चष्मा — हे. वाचा. मोठ्याने नको. ‘काका, हल्ली दुपारचं जेवण वेळेवर होतं का?’

आता तुम्ही सांगा. कुलपांचा विषय चाललाय, त्यात माझं जेवण कुठून आलं? तुम्हाला हे साधं वाटतंय, तुमचा धंदा वेगळा. माझ्याकडे घरफोडी झालेली माणसं येतात, कुलूप बदलायला. प्रत्येकाला मी विचारतो, आधी कोणी काही चौकशी केली होती का? आणि प्रत्येकाला आठवतं. कोणीतरी गोड बोलून विचारलेलं असतं, मावशी, तुम्ही दुपारी घरीच असता का, काका, जेवायला घरी जाता की डबा आणता. माणूस जेवायला कधी जातो हे ज्याला पाहिजे, त्याला दुकान रिकामं कधी असतं ते पाहिजे असतं. पुतण्याला जेवायला सोडून मी दुपारी शटर ओढून घरी जातो, वर्षानुवर्षं जातो, गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. पण इंटरनेटवर कोणाला माहीत? माझं दुकान आहे हेही मी कुठे लिहिलेलं नाही. म्हणजे कोणीतरी माझा माग काढलाय. तिच्या नावाने दुसरंच कोणीतरी लिहितंय, हे मी खात्रीने सांगतो, कारण ती स्वतः असं विचारणार नाही. का म्हणजे — ती माझ्याशी बोलत नाही.

हो. माझीच. धाकटी.

आता कळलं तर कळलं, पण ही गोष्ट ह्या काउंटरवरून पुढे जायला नको. आमच्या घरात तिचा विषय निघत नाही. मीच काढू देत नाही. म्हणजे तसं मी कधी बोललो नाही, पण निघत नाही. भांडण वगैरे काही नव्हतं हो, लोक उगाच बोलतात. मोठ्या मुलीचं लग्न झालेलं, मुलगा नाही, दुकानात पुतण्याला आणलं. धाकटीला बसायचं होतं. मी म्हटलं, बाई माणसाने लोकांच्या घरची कुलपं उघडायला जायचं, कोणी बोलावेल का? आणि बोलावलं तर कशाला बोलावतायत ते आपल्याला काय ठाऊक? मी माझ्या परीने विचार केला. पण ती मागे उभी राहून बघायची. मी पुतण्याला शिकवायचो आणि ही उभी, चहा घेऊन आल्यासारखी. चहा गार व्हायचा तरी उभीच. आणि मग त्या शिक्षिकाबाईंच्या घरी तो प्रकार झाला. त्यांचं लहान मूल न्हाणीघरात अडकलं, आतून कडी बसली, मी बाहेर गेलेलो, पुतण्याला जमेना, आणि हिने जाऊन उघडलं. अख्खी गल्ली जमली होती म्हणे. मी परत आलो तर जो तो मला सांगतोय, तुमच्या मुलीने कमाल केली.

मला पहिलं काय वाटलं सांगू? हिच्याकडे हत्यारं कुठून आली. माझी हत्यारं माझ्या पेटीत असतात आणि पेटीची किल्ली माझ्या गळ्यात. मग हिने कशाने उघडलं? पेटी बघितली, सगळं जागच्या जागी. तरी मनातून जाईना. ती अंघोळीला गेली तेव्हा मी तिची पिशवी बघितली. बापाने पोरीची पिशवी बघितली तर काय झालं? बघितली. आत एक चिंधी गुंडाळलेली, आणि चिंधीत छत्रीच्या काड्या. तुटक्या छत्रीच्या काड्या घासून, वाकवून हत्यारं केलेली. ताई, टोकं अशी घासली होती — पुतण्याला अजून तशी घासता येत नाहीत. मी ती हातात धरून उजेडाकडे बघत होतो आणि ती मागे येऊन उभी राहिली. ओले केस, टॉवेल तसाच. म्हणाली, बाबा, माझी पिशवी का उघडलीत? मी म्हटलं, घर माझं आहे. ती म्हणाली, बरं. एवढंच. बरं. चिंधी माझ्या हातातून घेतली, नीट गुंडाळली. त्याच महिन्यात दुसऱ्या गावाला नोकरी धरलीन आणि गेली. तिच्या आईला फोन येतो. मला येत नाही. माझ्याकडे नंबर आहे, तिच्याकडेही माझा आहे, तेवढंच.

तेव्हा माझ्या फोनमध्ये असं काहीतरी टाकून द्या की मी कुठून लिहितोय ते तिला, किंवा तिच्या नावाने जो कोणी बसलाय त्याला, दिसता कामा नये. त्यात देश बदलता येतो म्हणे? म्हणजे मी इथे बसून लिहिलं तरी समोरच्याला वाटेल परदेशातून आलंय. — हो, तेही खरं. परदेशातला माणूस आपल्या भाषेत पेन्सिलीच्या पुडीबद्दल कशाला लिहील.

काय? — पुन्हा सांगा. तिला दिसतच नाही? व्हिडिओ टाकणाऱ्याला लिहिणाऱ्याचा पत्ता दिसत नाही? गावही नाही? नुसतं ते नाव दिसतं, आपण दिलेलं? असं कसं. मग हे आधी का नाही सांगितलंत, मघापासून बेटं दाखवताय मला. — मी बोलू दिलं नाही. ठीक आहे. पण मग तिला कळलं कसं? तुम्ही हे धंद्याच्या विरुद्ध सांगताय, म्हणजे खरं असणार, विकायचं असतं तर गप्प बसला असता. पत्ता दिसत नाही, नाव मी दिलं नाही, पुतण्याला ठाऊक नाही, आमच्या हिला ठाऊक — हिला असेल का? नाही, हिला स्वतःचा फोन धड लावता येत नाही. मग?

वर कुठे नेताय? तिच्या त्या प्रश्नाच्या वर माझंच लिहिलेलं आहे, बघा खुशाल, त्यात काही नाही. जुन्या गोदरेज — जाऊ दे, जुन्या लोखंडी कपाटाचं कुलूप होतं, खटका घट्ट, ती दाबत होती, दाबत होती, आणि मला बघवेना म्हणून लिहिलं. बोट कशावर ठेवलंय तुम्ही? मला इतकं बारीक दिसत नाही. तुम्हीच वाचा.

‘डाव्या अंगठ्यावर एवढा जोर देऊ नकोस, थंडीत ठणकेल.’

बरोबर आहे की. ठणकतो तिचा. शटर पडलं होतं अंगठ्यावर, एवढीशी होती, माझ्याच दुकानाचं शटर, मी ओढलं आणि ती हात काढेल असं मला वाटलं. डॉक्टर म्हणाले होते, हाड बसेल पण थंडीत ठणकत राहील. रात्री मांडीवर घेऊन शेकायचो मी तो अंगठा. आता वरून बघून काही कळत नाही, अगदी सरळ दिसतो, व्हिडिओतही —

व्हिडिओतही दिसत नाही.

कोणालाच दिसत नाही, नाही का.

म्हणजे तीच विचारतेय. जेवणाचं.

नाही, पाणी नको. बसायलाही नको, मी उभा बरा आहे. आठवडा झाला ताई. आठवडाभर तो प्रश्न तिथे तसाच आहे आणि मी दुकानाला दुसरं कुलूप लावतोय. तिला काय वाटलं असेल? तिला वाटलं असेल, विचारायला नको होतं. — तुम्ही लिहिता? काय लिहिता, मी सांगू तसं? नको. माझं मी लिहितो, मला येतं, वेळ लागतो एवढंच, एका बोटाने. आधी जेवणाचं लिहितो. वेळेवर होतं म्हणून. तसं होत नाही, पण लिहितो. पुढचं बघू काय सुचतं ते. ते बेटावरचं बंद करा आता, तुमचा वेळ घेतला त्याचं काय होईल ते मागाहून सांगा.

आणि ताई, तुम्ही जरा तिकडे बघा. हो, त्या काचेच्या कपाटाकडे. मला कोणी बघत असलं की लिहिता येत नाही.

काचेतूनही नको.